लादीला फटका

आमच्या शेजारच्या वैजू गावडेने आजवर ज्यांना मारलंय त्यांत जिन्याच्या पायऱ्या, लिफ्टचा दरवाजा, गॅसचा सिलिंडर, एक थर्मामीटर, सोसायटीच्या गणपतीच्या मांडवाचा खांब आणि मुलांचे डॉक्टर येतात. माझ्या वडिलांच्या सागवानी आरामखुर्चीला तर ती आठवड्यातून एकदा तरी मारतेच. थर्मामीटर त्यात गेला. बाकी सगळे अजून आहेत, डॉक्टरही.

गैरसमज नको. वैजू भांडखोर नाही. तिचा मुलगा विहान पडला, आपटला, चिमटला, भाजला, की ज्याच्यामुळे हे झालं त्याला ती शिक्षा करते. तसं हे आपल्याकडे घरोघरी चालतं. पोर टेबलावर आपटलं की आई टेबलाला हात् करते, टेबलाला शिक्षा झाली म्हणून पोर गप्प होतं आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. पण बाकीच्या आया नुसतं केल्यासारखं करतात. वैजूचा फटका खरा असतो.

आधी चौकशी होते. "कोणी लावलं माझ्या सोन्याला? ह्याने? का त्याने?" विहान हुंदके देत बोट दाखवतो. मग वैजू गाऊनच्या बाह्या वर करते, गुन्हेगारासमोर उकिडवी बसते आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज काढते. "घे! हात् रे मेल्या! परत लावशील? परत लावशील माझ्या झिलाला?" ती मूळची कुडाळकडची, त्यामुळे राग आला की मालवणी वर येते आणि मुलाचा झील होतो. लादी काही बोलत नाही. विहान समाधानाने नाक पुसतो. आणि वैजू तोंड दुसरीकडे फिरवून, कोणाला दिसणार नाही अशी, स्वतःच्या लाल झालेल्या तळहातावर फुंकर मारते. माझ्या खुर्चीला मारल्यावर तिला दोनदा फुंकर मारावी लागते. सागवान आहे.

मी अलका. मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, विमा कंपनीत नोकरी करते, आणि मला लहान मुलं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बाईमाणूस म्हटलं की लोक परस्पर ठरवून मोकळे होतात आणि मग आपलं पोर आणून मांडीवर ठेवतात. विहानला माझ्या मांडीवर कोणी ठेवलं नाही. तो स्वतः चढला आणि चढताना मला एक बुक्की मारली. तेव्हा तो दोन वर्षांचा होता. आमची ओळख अशी झाली.

वैजूचं माणसांविषयीचं तत्त्वज्ञान अगदी सुटसुटीत होतं. तिच्या मते माणसाला आतून दोनच गोष्टी होतात. एक तर भूक लागते, नाहीतर झोप येते. बाकी जे काही होतं ते बाहेरून कोणीतरी केलेलं असतं आणि त्याला धरून फटका द्यायचा असतो. तिचा नवरा प्रसाद विमानतळावर कार्गोमध्ये शिफ्टची नोकरी करतो. तो घुम्यासारखा बसला की ती म्हणायची, "भूक लागलीय त्याला." तो चिडला की, "झोप झाली नाही." प्रसादला खरं काय होत होतं ते त्यालाही कधी कळलं नसावं, कारण बोलायला तोंड उघडलं की त्यात घास यायचा.

मी हसते खरी, पण माझे वडील गेले त्या दिवशीचं सांगते. माणसं येत होती, माझ्या खांद्यावर हात ठेवत होती, धीराने घे म्हणत होती. मी धीरानेच घेत होते. मला रडूच येत नव्हतं आणि त्याची मला लाज वाटत होती. वैजू आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "भूक लागलीय तुम्हाला." मी म्हटलं, अगं आज कसलं खाणं. ती गेली, गरम आंबोळ्या आणि चटणी घेऊन आली, मला स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं. दुसऱ्या आंबोळीला मी अशी रडले की चटणीत मीठ घालायला नको. ती समोर बसून वाढत राहिली. "बघा, मी बोललेले ना," म्हणाली. तिच्या लेखी मी भुकेनेच रडत होते.

आणि एकदा जिन्यात माझा पाय मुरगळला. वैजू भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. तिने पिशवी खाली ठेवली आणि मला उठवण्याआधी त्या पायरीला सणसणीत हात दिला. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत. मी तिला म्हणणार होते की हा काय मूर्खपणा. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मुलांचे डॉक्टर तर तिला सरावलेले होते. विहानला लस टोचून झाली की ते सुई बाजूला ठेवून मुकाट्याने आपला हात पुढे करत. वैजू फटका देई, डॉक्टर "आई गं" म्हणत, आणि पुढच्या पेशंटला बोलवत. फी तीच.

आता अशा घरातलं पोर काय शिकणार? विहान दिसायला गोड आहे. गालावर खळी, मोठे डोळे. असली मुलं दिसायला तशीच असतात, नाहीतर कोणी ठेवून घेतली नसती. त्याने आईचा कायदा शब्दशः उचलला. आपल्याला वाईट वाटलं की जवळपास कोणीतरी ते केलेलं असतं, त्याला शोधायचं आणि द्यायचा. प्रसाद ड्यूटीवर निघाला की विहानला पोटात काहीतरी व्हायचं. काय होतंय ते त्याला कळायचं नाही, आणि त्या घरात त्या गोष्टीला नावच नव्हतं. भूक नव्हती, झोपही नव्हती. मग तो विचार करायचा. बाबा बाहेर कसा गेला? गेटमधून. गेट कोणी उघडलं? वॉचमनने. घे! बिचाऱ्या वॉचमनच्या पोटरीवर रोज एक ठरलेला फटका पडायचा. तो शेवटी प्रसादची स्कूटर दिसली की गेट उघडून केबिनमध्ये जाऊन बसायला लागला.

फुगा फुटला की शेजारी उभ्या असलेल्या मुलाला. दुसऱ्याच्या वाढदिवसाला मेणबत्ती विझली, तर जिने फुंकली तिला. मला तो येता जाता द्यायचा, पण माझं काय चुकलं ते मला कधी कळलं नाही. सोसायटीतल्या आयांनी हळूहळू आपली मुलं संध्याकाळी उशिरा खाली आणायला सुरुवात केली, म्हणजे विहान वर गेल्यावर. वाढदिवसाची बोलावणी बंद झाली. वैजूला वाटलं, यंदा कोणी वाढदिवस करतच नाहीये.

मग तो प्लेग्रुपला जायला लागला. तिथे त्याच्या शेजारी स्वरा नावाची मुलगी बसायची. आईची आठवण आली की डोळ्यांसमोर स्वरा असायची, त्यामुळे निकाल ठरलेला होता. तक्रारी येऊ लागल्या. वैजू मला म्हणाली, "मारत नाही ओ तो. त्याला भूक लागते." ती डबा मोठा देऊ लागली. विहान आता पोटभर खाऊन मारायला लागला.

शेवटी शाळेने बोलावलं. प्रसादची शिफ्ट होती, म्हणून वैजू मला घेऊन गेली. "ताई, तुम्ही चला ना. मोठं माणूस पाहिजे सोबत. मला इंग्लिशमध्ये बोलले तर टेन्शन येतं." मुख्याध्यापिका बाईंनी स्वच्छ मराठीतच सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू. तोवर परत कोणाला लागलं, तर विहानचं नाव काढावं लागेल. आणि इथून नाव काढलेल्या मुलाला आसपासची दुसरी शाळा सहज घेत नाही, हेही गोड आवाजात सांगितलं. वैजूचा चेहरा उतरला. तिच्या घरात या शाळेचं कौतुक फार होतं. तिने स्वतः दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग आम्हाला समुपदेशक मॅडमच्या खोलीत नेलं. मॅडम वयाने लहान आणि आवाजाने त्याहून लहान होत्या. कान पुढे करून ऐकावं लागत होतं. त्यांनी चेहऱ्यांची चित्रं काढली आणि वैजूसमोर मांडली.

"हा मुलगा कसा दिसतोय? त्याला काय वाटतंय?"

चित्रातला मुलगा ओठ काढून बसला होता. वैजूने निरखून पाहिलं. "झोप आलीय."

"बरं. आणि हा?" दात ओठ खाणारा मुलगा.

"हा उपाशी आहे."

"आणि हा?" डोळे विस्फारलेला, तोंड उघडं.

"ह्याने मिरची खाल्ली."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग मॅडमनी समजावलं की मुलाला आत काय होतंय ते आईने ओळखायचं, आणि त्याला त्याचं नाव सांगायचं. राग, भीती, हेवा, आठवण. नाव मिळालं की त्याला ते बोलून दाखवता येतं, हात उचलावा लागत नाही. मला ते पटलं. मॅडमचा आवाज सोडला तर बाई हुशार होती.

"आणि वैजयंती, विहान कोणाला मारतो तेव्हा तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" वैजू म्हणाली.

"हो, तुम्हाला."

  वैजूने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "मला काय वाटायचंय? मी आई आहे त्याची," ती म्हणाली आणि उठली.

पण वैजू एकदा काही करायचं म्हणाली की त्याची वाट लावेपर्यंत करते. दुसऱ्या दिवसापासून तिने भावना ओळखायला घेतल्या, आणि घरात एकच मुलगा असल्यामुळे उरलेल्या भावना ती सोसायटीत ओळखू लागली. भाजीवाल्याला म्हणाली, "भाऊ, तुम्हाला कंटाळा आलाय ना?" भाजीवाला म्हणाला, "हो ना ताई," आणि तिथेच टोपलीशेजारी बसून त्याने आपली अख्खी कहाणी सांगितली. लोक कोथिंबीर हातात धरून उभे. प्रसाद रात्रपाळी करून आला की त्याला झोपू न देता विचारायची, "तुला उदास वाटतंय का?"

"मला झोप येतेय," प्रसाद म्हणायचा.

"ते जुनं झालं. आता नीट सांग."

सोसायटीच्या सभेत तर कहर झाला. इमारत पाडून नवीन बांधायची की नाही यावर अध्यक्ष काका टेबलावर हात आपटून ओरडत होते. वैजू मागून म्हणाली, "काका, तुम्हाला राग नाही आलाय. तुम्हाला भीती वाटतेय. नवीन टॉवरमध्ये तुम्हाला कोण विचारणार, म्हणून."  काकांनी पाणी मागितलं. सभा तहकूब झाली. वाईट एवढंच, की ती बरोबर बोलली होती. वैजूला भावना ओळखता येत नाहीत हा माझा गैरसमज होता. तिला सगळं दिसत होतं. फक्त आजवर ती त्या सगळ्याला भूक म्हणत होती.

मलाही तिने सोडलं नाही. "ताई, तुम्हाला संध्याकाळी एकटं वाटतं ना?"

"मला चहा हवाय," मी म्हटलं.

"चहा पण हवाय आणि एकटं पण वाटतंय." ती माझ्याच स्वयंपाकघरात गेली आणि दोघींचा चहा करून आली. 

विहानमध्येही फरक पडला. पूर्वी तो नुसता मारायचा. आता कमरेवर हात ठेवून "मला लाग आलाय" असं जाहीर करायचा आणि मग मारायचा. म्हणजे आधी नोटीस मिळू लागली. पळायला वेळ मिळाला म्हणून वॉचमन खूश होता. शाळेतूनही काही दिवस तक्रार आली नाही. लादीला, दाराला, खुर्चीला फटके मात्र चालूच होते. मी वैजूला म्हटलं, "अगं, तू मारतेस तेच तो शिकतो. हे आधी बंद कर."

"ते नाही बंद होणार," ती म्हणाली. तिचा आवाज असा होता की मी पुढे विचारलं नाही. आणि "तुला स्वतःला काय वाटतं गं?" असं विचारलं की ती हसायची. "मला टाइम कुठे आहे ओ ताई."

दिवाळी तोंडावर आली असताना एक दिवस मी नळाच्या दुरुस्तीसाठी रजा घेऊन घरी होते. दुपारी बाराच्या सुमारास बेल वाजली. दारात वैजू, कडेवर विहान, आणि वैजूचा चेहरा पांढरा पडलेला. घरी प्रसाद झोपला होता, म्हणून ती माझ्याकडे आली. विहानने स्वराला ढकललं होतं. बाकाची कड स्वराच्या ओठाला लागली, रक्त आलं. मुख्याध्यापिका बाईंनी उद्या येऊन भेटा म्हणून सांगितलं होतं, म्हणजे काय ते दोघींनाही कळलं होतं. पण वैजू त्यामुळे पांढरी पडली नव्हती.

"स्वराची आई गेटवर सगळ्यांसमोर बोलली. बोलली, मारणाऱ्या घरातली मुलंच अशी असतात. घरात मार मार मारत असतील ह्याला." ती विहानला खाली ठेवत म्हणाली. "मला, ताई. मला बोलली ती."

विहानला खाली उतरायचं नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मला लाग आलाय," तो म्हणाला आणि माझ्या गुडघ्यावर बुक्की मारली.

आणि वैजूचा हात उठला. मला वाटलं नेहमीसारखा खुर्चीवर जाईल, लादीवर जाईल. तो विहानच्या पाठीत बसला. तोच आवाज, अख्ख्या मजल्याला ऐकू जाणारा.

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत मी या बाईला घर, दार, जिना, डॉक्टर सगळ्यांना मारताना पाहिलं होतं, पण त्या पोराला बोट लावताना एकदाही पाहिलं नव्हतं. ज्याने उभ्या इमारतीला जेरीस आणलं, त्या पोराला.

वैजू तिथेच लादीवर बसली. स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली. मग बोलायला लागली, माझ्याशी की हाताशी, माहीत नाही.

"आम्ही लालबागला राहायचो ना ताई. एक खोली, आणि माणसं एवढी. मी पडले की आई धावत यायची. मला दर वेळी वाटायचं उचलायला येतेय. ती यायची आणि पाठीत द्यायची. डोळे फुटले काय तुझे, बोलायची. म्हणून मग मी पडले तरी रडायचेच नाही. उठायचे, फ्रॉक झटकायचे, काही नाही लागलं बोलायचे. विहान झाला तेव्हा मी ठरवलेलं. फटका द्यायचा तर लादीला द्यायचा. लादीला काय होतंय?"

तिने डोळे पुसले. "आणि मला आत्ता राग पण नव्हता आला ओ. मला भीती वाटली. ह्याला शाळेतून काढतील, कोणी खेळायला घेणार नाही, ह्याचं काय होणार. मग आईला पण भीतीच वाटत असेल का? पोर पडलं की भीतीच वाटते ना. तिला कोणी सांगितलंच नसेल, की ही भीती आहे."

  मला तिच्या आईचा राग आला, मग कीव आली, आणि वैजूची तर इतकी माया वाटली की मी पाण्याचा पेला आणायला उठले आणि पेला कुठे ठेवतात तेच विसरले.

विहान रडत नव्हता. तो चौकशी करत होता. आई रडतेय, म्हणजे कोणीतरी तिला लावलं आहे. त्याने खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मी पाय जवळ घेतले. मग लादीकडे. मग त्याची नजर आईच्या हातावर गेली आणि तिथेच थांबली. गुन्हेगार सापडला होता. आईच्याच कायद्याने पाहिलं तर ज्याने मारलं त्या हाताला आता शिक्षा होणार होती. त्याने दोन्ही हातांनी तो हात उचलला आणि उलटा केला. तळहात लालभडक झाला होता.

त्याने तोंड पुढे केलं, गाल फुगवले आणि फुंकर मारली. फुंकर कसली, निम्मी थुंकीच. परत मारली. तोंड फिरवून, चोरून मारलेल्या आईच्या सगळ्या फुंकरी त्याने पाहिल्या होत्या.

"हाताला लागलं," तो मला समजावत म्हणाला.

वैजूने त्याला ओढून घेतलं. "मला भीती वाटली, विहान. म्हणून मी मारलं. चुकलं माझं. तुला लागलं?"

"हो."

"कुठे?"

त्याने विचार केला. फटका पाठीत बसला होता. त्याने हात पोटावर ठेवला, वॉचमनने गेट उघडल्यावर जिथे काहीतरी व्हायचं तिथे. "इथे," तो म्हणाला आणि मग मोठ्याने रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला उशिरा येईन असं कळवलं आणि त्यांच्याबरोबर शाळेत गेले. नळ तसाच गळत होता. वैजूने रात्री पाठ केलेलं काही म्हटलं नाही. मुख्याध्यापिका बाईंना सरळ म्हणाली, "मॅडम, काल मी त्याला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला भीती वाटली म्हणून. त्याला पण शाळेत भीतीच वाटते, आई येईल की नाही म्हणून. मला आत्ता कळलंय. मला थोडे दिवस द्या." बाई काही बोलणार इतक्यात स्वरा आईचा हात धरून आली. ओठ सुजला होता.

विहान तिच्या दिशेने निघाला. स्वराच्या आईने श्वास रोखला, मुख्याध्यापिका अर्ध्या उठल्या, मी पर्स घट्ट धरली. विहान स्वराच्या समोर गेला आणि त्याने तिच्या ओठावर जोरदार फुंकर मारली. स्वरा हिशेबी मुलगी होती. तिने तोंडावरची थुंकी पुसली आणि त्याला एक सणसणीत ठेवून दिली.

विहानचा हात वर गेला. त्याने स्वराकडे पाहिलं. मग भोवती पाहिलं.  हात थोडा वेळ तसाच वर राहिला, आणि मग तो वळला, दोन्ही हात पसरून धावत सुटला.

"आई, मला लागलं!" त्याने भोकाड पसरलं. कोणाच्या रडण्याने मला इतका आनंद आजवर झाला नव्हता. स्वराच्या आईने स्वराला दम दिला, मुख्याध्यापिका खुर्चीत बसल्या आणि रुमालाने कपाळ टिपत म्हणाल्या, "बसू दे त्याला वर्गात. नाव राहू दे. बघू."

विहान वर्गात गेला. आम्ही गेटबाहेर आलो. वैजू मागे वळून वळून पाहत होती. डोळे भरलेले, पण हसत होती.

"काय वाटतंय गं?" मी विचारलं.

तिने बराच विचार केला. खरंच प्रयत्न केला बिचारीने. मग म्हणाली, "भूक लागलीय."

मी तिची चूक सुधारली नाही. चल, म्हटलं, कोपऱ्यावर साबुदाणा वडा चांगला मिळतो. आम्ही निघालो, आणि निघाल्या निघाल्या फुटपाथच्या वर आलेल्या एका पेव्हर ब्लॉकला अडखळून वैजू गुडघ्यावर पडली. चांगलीच पडली. पण मी हात द्यायच्या आत ती उठलीसुद्धा. कुर्ता झटकला, इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघितलं का म्हणून. "काही नाही, काही नाही लागलं," ती घाईघाईने म्हणाली. कुर्त्याला गुडघ्यापाशी रक्ताचा डाग उमटला होता.

मी पर्स फुटपाथवर ठेवली. माझे गुडघे वाजतात, वाकताना दोन्ही वाजले. मी त्या ब्लॉकसमोर उकिडवी बसले, बाही वर केली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून त्याला हात दिला.

"घे! हात् रे मेल्या! परत लावशील? परत लावशील आमच्या वैजूला?"

एका रिक्षावाल्याने रिक्षा हळू केली. शाळेच्या गेटवरच्या आया बघत राहिल्या. मी वर पाहिलं तर वैजू तशीच उभी होती. तिचा खालचा ओठ आधी थरथरला, मग पुढे आला, अगदी चित्रातल्या त्या मुलासारखा. आणि मग ती भर रस्त्यात, गुडघा धरून, लहान पोरीसारखी मोठमोठ्याने रडू लागली. "लागलं ना ओ ताई," म्हणाली, "खूप लागलं."

मी म्हटलं, "हो गं, लागणारच." आणि तोंड दुसरीकडे फिरवून माझ्या तळहातावर फुंकर मारली.